विनंती थांबा

दिघीहून सुटलेली जंगलजेटी फेरीबोट आगरदांड्याला लागते, मोटारसायकली फटफटत खाली उतरतात आणि धक्क्यावर काखेत छत्री धरून उभे असलेले माझे मामा दिसतात. भाचा दोन महिन्यांनी आला तर कुठलाही मामा ‘बरा आहेस ना?’ असं म्हणेल. आमचे मामा विचारतात, “काय खाऊन निघालास?”

“पोहे.”

“किती?”

“बशीभर.”

“बशी हे काय माप झालं? तिकीट काढताना ‘थोडं लांबचं द्या’ म्हणतं का कोणी?”

मामा सदतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, त्याच वर्षी ते मुरूड डेपोत चिकटले आणि २०१८ साली निवृत्त झाले. खांद्यावरची पिशवी उतरली, आतला कंडक्टर काही उतरला नाही. आता त्यांच्या गाडीत पाचच प्रवासी उरलेत. ते स्वतः, मामी, रोज मुरूडला नोकरीला जाणारा मुलगा, सून आणि पाचवीतला नातू. गाडीवर पाटी एकच, ‘घरचं खाणं सुधारणे’. ही गाडी मी वर्षानुवर्षं सुटताना पाहतो आहे.

असा माणूस घरटी एक असतोच. कुणाकडे पहाटे उठून सगळ्यांच्या नरड्यात दुधीचा रस ओतणारी आत्या असते. कुणाकडे पंगतीत उजव्या हातात जिलबी धरून डाव्या हाताने साखरेचे तोटे मोजणारा काका असतो. कुणाची वहिनी दर रविवारी रात्री फ्रिज आवरते आणि ‘उद्यापासून’ म्हणते. या सगळ्यांचा जीव घरच्यांसाठी तुटत असतो, हे खरंच. पण तो नेमका आपण दुसरी वाटी पुढे केली की तुटतो, त्याला काय करणार!

मामांसोबत जेवायला बसणं म्हणजे प्रवासच. पाण्याचा तांब्या त्यांच्या उजव्या हाताला असतो आणि त्यावर चमचा वाजवून कारभार चालतो. एकदा टण म्हणजे थांबा, दोनदा टण-टण म्हणजे चला पुढे. नातवाचा हात तिसऱ्या पापडाकडे गेला की टण. सुनेने कोशिंबीर वाढून घेतली की टण-टण. मुलाने भाताचा डोंगर केला की मामा शांतपणे म्हणतात, “भारमान बघ.” भारमान हा खास एस.टी.चा शब्द. गाडी किती टक्के भरली, त्याचा हिशेब. डेपोत भारमान कमी झालं म्हणून साहेब ओरडायचे, घरात वाढलं म्हणून मामा ओरडतात. मामी एवढंच म्हणतात, “नोकरीत असताना जे जमलं नाही ते आता करतायत.”

निवृत्तीच्या वर्षी महाराष्ट्रभर दोन वेळा जेवण्याची लाट आली होती. डॉ. श्रीकांत जिचकारांची मूळ कल्पना, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती घराघरांत पोचवलेली. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपायचं. मामांनी ती ऐकली आणि त्यातला आकडा तेवढा उचलला. मनगटावरचं घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवलं. पूर्वी दहा मिनिटांत जेवून उठणारा हा माणूस आता पंचावन्नच्या पंचावन्न मिनिटं बसू लागला. “वेळ मिळालाय तर वापरायचा. टाइमाआधी गाडी सोडली की मेमो मिळतो.” बावन्नाव्या मिनिटाला केळं, चोपन्नाव्याला गुळाचा खडा. महिन्याभरात वजन दोन किलो वाढलं. दीक्षितांची यात काही चूक नव्हती. त्यांना आमचे मामा माहीत नव्हते.

मग गुळाचं पर्व आलं. मग उपाशीपोटी कोमट पाण्याचं. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा मामांनी दहा किलो नाचणी एकदम आणून टाकली. चार दिवस काळ्या भाकऱ्या खाऊन नातवाने संप पुकारला. उरलेल्या नाचणीची मामींनी आंबील केली, पापड केले आणि पापड तळले. भरडधान्याचा प्रवास तिथे संपला.

खरी गोष्ट सुरू झाली ती २०२४ च्या मे महिन्यात. मुरूडच्या डॉक्टरीणबाईंनी मामांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला आणि म्हणाल्या, “मामा, मीठ कमी करा. दिवसाला पाच ग्रॅम. आणि तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर.” त्याच महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नव्या १७ सूचना पेपरात आल्या. त्यातही मिठाचे पाच ग्रॅम होतेच, शिवाय रोज ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळं. मामांनी कात्रण काढलं, भिंतीवरच्या कालनिर्णयाला टाचलं आणि मुहूर्त ठरवला, १ जून.

हा मुहूर्त साधासुधा नव्हता. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, म्हणून मामांना ती तारीख दसऱ्यासारखी. शिवाय त्याच दिवशी यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, ती थेट ३१ जुलैपर्यंत. “समुद्र बंद, तळणही बंद. एकसष्ट दिवस विनाथांबा!” मामांनी ओटीवर सगळ्यांना बसवून योजना वाचून दाखवली. तळण नाही. साखर नाही. भात एक वेळ. पाकिटातलं काही नाही. आणि रोज माणशी ४०० ग्रॅम भाजी.

मामी कोपऱ्यात डाळिंब्या सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “पाच माणसांची दोन किलो झाली. निवडणार कोण?”

“ते पुढचं पुढे बघू,” मामा म्हणाले आणि तांब्यावर टण-टण केलं.

गाडी सहा दिवस विनाथांबा धावली. सातव्या दिवशी पाऊस पडला, तोही आमच्याकडचा, आभाळ फाडून. त्या रात्री शेतांतून वलगण चढली. पहिल्या पावसाला खाडीतले, ओढ्यातले मासे पाण्याच्या लोंढ्याविरुद्ध उसळ्या मारत शेतात चढतात आणि सगळं गाव बॅटऱ्या, टोपल्या, फाटकी मच्छरदाणी, हाताला लागेल ते घेऊन बांधावर धावतं. पहाटे शेजारच्यांनी टोपभर मासे आणून ओट्यावर ठेवले. पोटं गाबोळीने टम्म फुगलेली. सगळं घर मामांच्या तोंडाकडे बघत होतं आणि मामा टोपाकडे.

“बंदी समुद्राला आहे,” मामा बऱ्याच वेळाने म्हणाले. “शेताला कुठाय?”

“आणि तळणाला?” सुनेने विचारलं. तिचा स्वभाव चेकिंग पथकातला.

मामांनी डोळे मिटले. सदतीस वर्षांचा अनुभव कामी आला. “एक्स्प्रेस गाडीलासुद्धा,” ते म्हणाले, “विनंती थांबा असतो.”

गावाबाहेर, वडाखाली, चार घरांच्या वाडीसमोर ती पाटी असते. गाडी एरवी थांबत नाही, पण कोणी हात केला तर ड्रायव्हर माणुसकीने ब्रेक मारतो. त्या दिवशी गाबोळी कुरकुरीत तळली गेली आणि मामांच्या वहीत नोंद झाली, ‘वलगण, विनंती थांबा १’.

एकदा पाटी लागली की हात करणारे वाढतात. नातवाचा वाढदिवस, विनंती थांबा. सुनेच्या माहेरची माणसं आली, विनंती थांबा. पाऊस लागला म्हणून भजी, पाऊस उघडला म्हणून भजी. पावसाळ्याआधी आगोटीला भरून ठेवलेले बोंबील भाजले की वास वाडीभर जातो, मग एकट्याने कसं खायचं म्हणून शेजाऱ्यांना बोलावलं, तो थांबा निराळा. खाडीत होडक्याने मासेमारी करायला बंदी नसतेच, त्यामुळे बोईट आणि चिंबोऱ्या घेऊन येणाऱ्या मावशीही हा शब्द शिकल्या. दारात पाटी टेकवत विचारायच्या, “काय मामा, आज थांबा हाय का नाय?” जूनअखेर विनाथांबा गाडीची पार साधी गाडी झाली होती.

इथपर्यंत मामा म्हणजे तुमचे काका, माझी आत्या आणि समोरच्या घरातल्या वहिनी. यांच्यापैकी कोणीही इथे काय करतं? महिना संपला की ‘तसं बऱ्यापैकी पाळलं हो’ म्हणतं आणि नवीन संकल्प शोधायला लागतं. मामांना ते जमत नाही. मामा एक वेळ नियम बदलतील, आकडा बदलणार नाहीत.

ही सवय कंडक्टरीची. जुन्या तिकिटांच्या काळात, किती तिकिटं विकली हे कंडक्टर आठवत बसायचा नाही. गठ्ठ्याचा सुरुवातीचा नंबर वे-बिलावर लिहिलेला असायचा. शेवटी उरलेल्या तिकिटाचा नंबर बघायचा, वजाबाकी करायची, तेवढे पैसे पिशवीत हवेत. कमी भरले तर खिशातून घालायचे. प्रवासी विसरेल, कंडक्टर विसरेल, उरलेलं तिकीट खोटं बोलत नाही.

मामांनी १ जूनला तेलाच्या पाच लिटरच्या डब्यावर काळ्या मार्करने ‘उ. १/६’ लिहिलं होतं. उघडला, एक जून. ३० जूनला संध्याकाळी मामींनी डबा उलटा धरून कढईवर ठोकला, शेवटचा थेंब लोंबला, पडला. मामा उठले. डब्यावर ‘सं. ३०/६’ लिहिलं. मग माळ्यावरून मे महिन्यातला रिकामा डबा काढला. त्याच्यावरही तारखा होत्या, डॉक्टरीणबाईंकडून आल्याआल्या घातलेल्या. आदला डबा ३१ दिवस पुरला होता.

म्हणजे काहीही नियम नसताना ३१ दिवस आणि तळणबंदीत ३० दिवस.

मी त्या दिवशी तिथेच होतो. सून तोंडाला पदर लावून आत पळाली. मुलगा मोबाइलमध्ये घुसला. मामा दोन्ही डबे समोर ठेवून जोत्यावर बसले होते, गर्दीच्या गाडीत पाकीट मारलं गेलेल्या प्रवाशासारखे. ‘डब्याला भोक असेल’ असं कोणीही म्हटलं असतं. मीसुद्धा म्हणून पाहिलं. मामांनी डबा उचलून बूड उजेडाकडे धरलं, मला दाखवलं आणि वहीत लिहिलं, ‘शॉर्ट. १ दिवस.’

मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “डॉक्टरीणबाईंच्या हिशेबाने पाच माणसांना हा डबा दोन महिने जायला पाहिजे. साठ दिवस. आपण तीसवर. साठ नाही जमायचे.” आणि वहीच्या नव्या पानावर मोठ्या अक्षरात पुढचा संकल्प लिहिला.

‘३० चे ३२.’

घर हसलं. मीही हसलो. ज्या माणसाने सगळ्या घराचं आरोग्य एकसष्ट दिवसांत सुधारायला काढलं होतं, तो आता दोन दिवसांवर आला होता. “मामा, दोन दिवसांनी काय होणार?” मी विचारलं.

“दोन दिवस होतील,” मामा म्हणाले.

दोन दिवस कुठून काढायचे हे मात्र मामींनी सांगितलं. साठ दिवसांच्या गप्पा चालू होत्या तोवर त्या गप्प होत्या, कारण त्यात त्यांचं काही कामच नव्हतं. दोन दिवस हे त्यांच्या आवाक्यातलं होतं. तेल डब्यातून थेट कढईत ओतायचं नाही, बुधलीत काढायचं आणि बुधलीतून चमच्याने घ्यायचं. पापड भाजायचे. बांगडा तव्यावर, आणि तवा आधी चांगला तापवून. तो डबा ३३ दिवस गेला. मामांनी एक दिवस ‘जमा’ लिहिला आणि त्या रात्री तांब्यावर इतक्या वेळा टण-टण झालं की शेजारच्यांना वाटलं, आरती सुरू झाली.

मिठाचंही तसंच. पाच माणसांचे रोजचे २५ ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी ४० दिवस जायला हवी. ती ३५ दिवस गेली. मामा खूश, पास व्हायला पाचच दिवस कमी. मामींनी विचारलं, “आणि सुक्या बोंबलातलं धरलंत? लोणच्यातलं? पापडाच्या खारातलं? नातवाच्या वेफर्सचं?” मामा दचकले. ही सगळी मंडळी त्यांच्या गाडीतून विनातिकीट प्रवास करत होती! दुसऱ्या दिवसापासून भिंग घेऊन पाकिटांच्या पाठी वाचणं सुरू झालं. पाकिटावर ‘मीठ’ न लिहिता ‘सोडियम’ लिहितात, ही मामांच्या मते सरळसरळ नाव बदलून केलेली लबाडी. बोंबील सोडायची तर कोकणात कोणाची छाती नाही. म्हणून एवढंच ठरलं की सुकी मासळी कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुवायची आणि ज्या दिवशी ती असेल त्या दिवशी लोणच्याची बरणी माळ्यावर.

नातवाशी झालेला करार तर लेखी आहे. वेफर्स बंद म्हटलं की तो शाळेच्या वाटेवर घ्यायचा, मग सापडायचा, मग रडायचा. आता नियम असा, वेफर्स चालतील, पण पाकिटातून नाही, वाटीत ओतून आणि एक वाटी आजोबांना देऊन. अर्धं पाकीट आपसूक आजोबांकडे जातं, या विचाराने त्याची भूकच कमी झाली. शिवाय त्याला मामांची जुनी शिट्टी आणि चेकरचा हुद्दा मिळाला. एका संध्याकाळी तो धापा टाकत आला आणि ओरडला, “आजोबांनी जेटीवर वडापाव खाल्ला! मी पाहिला!” सगळं घर आनंदाने मामांच्या अंगावर धावून गेलं. मामांनी मुकाट्याने वही पुढे केली. त्यात आधीच लिहिलेलं होतं, ‘जेटी. वडापाव १. विनंती थांबा. विनंती माझीच.’

राहता राहिली ती दोन किलो भाजी.

मामींचा पहिल्या दिवशीचा प्रश्न तसाच लोंबकळत होता. पावसात आमच्याकडे फुकट भाजी ढिगाने उगवते. रस्त्याकडेला टाकळा, माळावर कुर्डू, रानात शेवळं, कंटोळी. मामा छत्री घेऊन पिशव्या भरून आणायचे आणि विजयी मुद्रेने ओट्यावर ओतायचे. मामींनी एक दिवस पिशवी जशीच्या तशी उचलून त्यांच्यापुढे ठेवली. “आणता तुम्ही, ठरवता तुम्ही, मोजता तुम्ही. आता निवडाही तुम्हीच.”

मामांनी विळी पुढे ओढली. टाकळ्याची कोवळी पानं खुडायला किती वेळ लागतो, हे त्यांना वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. दुसऱ्या दिवशी शेवळं साफ केली. शेवळाच्या दांड्यावरचा पिवळा भाग काढून टाकायचा असतो आणि भाजीत काकडं घालायची असतात, नाहीतर घसा खाजतो. काकडं मामींनी घातली. पिवळा भाग मामांना शोभिवंत वाटला, म्हणून त्यांनी ठेवला. त्या रात्री सगळं घर घसा खाकरत, ताक पीत ओटीवर बसलं होतं. मामांना बोलता येत नव्हतं. मामींनी तांब्यावर एकदाच चमचा वाजवला. टण.

त्या रात्रीनंतर ४०० ग्रॅमचं कात्रण भिंतीवरच राहिलं, पण वहीतला नियम बदलला. ‘रोज एक भाजी जास्त. निवडणार मी.’ मला विचाराल तर मामांच्या सगळ्या संकल्पांतला हाच खरा. आधीच्या प्रत्येक संकल्पात दुसऱ्याने काहीतरी सोडायचं किंवा राबायचं होतं. यात पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या बोटांना टाकळ्याचा हिरवा रंग लागला.

भाताचा प्रश्न मात्र सुटला नाही. आगरदांड्यात भात सोडा म्हणणं म्हणजे खाडीला ओहोटीतच राहा म्हणण्यासारखं. एकदा मामांनी मला त्याची राजनीती समजावली. “भात म्हणजे जंजिरा. समोरून चाल करून गेलास की हरलास. महाराजांनी काय केलं? समोर पद्मदुर्ग बांधला.” मामांचा पद्मदुर्ग म्हणजे भाजीची वाटी. ती आधी पूर्ण खायची, मग भात वाढायचा.

“पण मामा,” मी म्हटलं, “पद्मदुर्ग बांधूनही जंजिरा काही पडला नाही.”

“नाही पडला,” मामा म्हणाले. “पण सिद्दीला वचक बसला की नाही?”

भाताच्या मुदी दोनाच्या दीड झाल्या आहेत. त्या अर्ध्या मुदीला घरात वचक म्हणतात.

परवा गेलो तेव्हा माळ्यावर रिकाम्या डब्यांची रांग पाहिली. गणपतीतला डबा २९ वरच आपटलेला आहे, चुलत भाच्याच्या लग्नातला त्याहून खाली. मामांनी एकही लपवलेला नाही. पण रांगेच्या शेवटी शेवटी तारखा लांबत गेल्या आहेत. ३८, ४१, ४३. आत्ता चालू असलेल्या डब्याचं ध्येय ४४. साठ अजून लांब आहेत आणि मामा त्यांचं नावही काढत नाहीत. डॉक्टरीणबाई पट्टा फुगवतात, सोडतात आणि आता दुसऱ्यांदा फुगवत नाहीत. मामांनी तेही वहीत लिहिलं आहे.

निघताना मामींनी डबा दिला. “नारळाच्या वड्या आहेत, घरी नेऊन सगळ्यांना दे.” मामा धक्क्यापर्यंत आले. छत्रीचं टोक डब्याकडे करून म्हणाले, “किती खायच्या ते तुझं तू ठरव. मोठं काही ठरवू नकोस.”

मी ठरवलं, एक. फेरीबोट सुटली. खाडीत वारा छान होता, पाऊस नुकताच उघडला होता, वड्यांत वेलची भरपूर होती. दिघीच्या धक्क्याला बोट टेकली तेव्हा खिशातला फोन वाजला.

“पोचलास?”

“पोचलो.”

“खाल्ल्यास किती?”

“एकच,” मी म्हणालो. “म्हणजे, दोन.”

“ते राहू दे,” मामा म्हणाले. मागे कुठेतरी चमच्याचा आवाज येत होता. “डब्यात दहा होत्या. उरल्या किती, तेवढं सांग.”

मी झाकण उघडलं आणि मोजायला लागलो.